मधला चेंडू

टेनिसच्या कोर्टवर एकेरीचा सामना संपून दुहेरीचा सुरू व्हायचा असला, की मधे एक छोटंसं काम असतं. जाळीला दोन्हीकडून टेकू दिलेल्या दोन काठ्या काढून न्यायच्या. टीव्हीवर हे दिसत नाही, तेवढ्यात जाहिराती लागतात. जाळी मुळात दुहेरीच्या रुंदीची असते. एकेरीच्या वेळी तिला आतल्या बाजूला साडेतीन फूट उंचीवर उचलून धरायला या काठ्या लावतात. त्या निघाल्या की जाळी तिथे जराशी उतरते, आणि 27 फुटांचं कोर्ट 36 फुटांचं होतं.

"साडेचार फूट इकडे, साडेचार फूट तिकडे," शेजारी बसलेली माझी पार्टनर म्हणाली. "आमच्या गॅलरीपेक्षा जास्तच आहे गं."

पार्टनर म्हणजे कॅरमची पार्टनर. हल्ली या शब्दाचा लोक भलताच अर्थ घेतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. फोर्टातल्या एका बँकेत आम्ही दोघींनी तीसेक वर्षं काढली, आणि त्यातली अकरा वर्षं आंतरशाखा स्पर्धेत महिला दुहेरी एकत्र खेळलो. तिचं नाव लिहीत नाही. आपलं नाव इंटरनेटवर आलं तर ती मला फोन करून झापेल.

ही गोष्ट 2024 च्या फेब्रुवारीतली. चर्चगेटला सीसीआयमध्ये, म्हणजे क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, मुंबई ओपन चालू होती, महिला टेनिसच्या जागतिक संघटनेची डब्ल्यूटीए 125 दर्जाची स्पर्धा. भाच्याने कुठून तरी दोन पास मिळवले आणि "मावशी, जाऊन ये, रिटायर झालीयेस ना" म्हणून माझ्या हातात कोंबले. तीस वर्षं आम्ही रोज चर्चगेटला उतरलो आणि डावीकडे फोर्टात गेलो. उजवीकडे सीसीआयचं ब्रेबर्न स्टेडियम आहे, 1937 पासून आहे, हे माहीत होतं. जसं आपल्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर कोण राहतं ते माहीत असतं तसं. आत पाऊल टाकलं ते साठी उलटल्यावर.

ही स्पर्धा 2017 आणि 2018 मध्येही इथे झाली होती, मग खंड पडला. 2017 मध्ये एकेरी जिंकली ती आर्यना सबालेंका. तेव्हा एकोणीस वर्षांची होती, पुढे जगातली पहिल्या क्रमांकाची झाली. हे गेटवरच्या माणसापासून समोसे विकणाऱ्यापर्यंत सगळे सांगत होते. त्या वर्षी दुहेरी कोण जिंकलं होतं, असं मी मुद्दाम तिघांना विचारलं. तिघांनीही माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी लग्नात वाजंत्रीवाल्याच्या चुलत्याची चौकशी करतेय.

दुहेरीचं हे असंच. पेपरात एकेरीची बातमी, फोटो, चौकट. दुहेरी शेवटच्या ओळीत, जागा उरली तर. मैदानावरही तेच. एकेरीचा सामना संपला तशी अर्धी माणसं चहाला उठली. आम्हाला त्यामुळे चांगली जागा मिळाली हे खरं. बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टच्या टोकाच्या रेषेच्या, अगदी मागे, तिसऱ्या रांगेत.

आणि तिथे बसल्यामुळेच आम्हाला ती बोटं दिसली.

सर्व्हिस करणारी मागे उभी असते. तिची जोडीदार पुढे जाळीजवळ, वाकून, रॅकेट समोर धरून. समोरच्यांना ती फक्त समोरून दिसते. आम्ही मागे बसलो होतो, त्यामुळे तिचा पाठीमागे नेलेला डावा हात आम्हाला दिसत होता. प्रत्येक सर्व्हिसच्या आधी त्या हाताची काहीतरी खूण व्हायची. कधी मूठ. कधी उघडा पंजा. कधी एक बोट खाली. मागची ती बघायची, मान हलवल्यासारखं करायची, आणि मगच चेंडू वर टाकायची.

तीन गेम झाले नाहीत तोवर पार्टनरने उलगडा केला. "मूठ म्हणजे जागची हलणार नाही. पंजा म्हणजे मधे घुसणार. बोट कुठे सर्व्हिस टाकायची ते." पुढचा पंजा दिसला, आणि खरंच, चेंडू परत येतो न येतो तोच जाळीजवळची ती बाई तिरकी झेपावली आणि मधल्या मधे तो खाली आपटून मोकळी झाली. यालाच पोचिंग म्हणतात. आपल्या जोडीदाराकडे चाललेला चेंडू वाटेतच पळवायचा.

"चोरी आहे ही," मी म्हटलं.

"सांगून केलेली," पार्टनर म्हणाली. "आपल्याला सांगायची तरी सोय होती का?"

नव्हती. कॅरमच्या दुहेरीत जोडीदार शेजारी बसत नाहीत, समोरासमोर बसतात. उजव्या-डाव्या हाताला प्रतिस्पर्धी. आणि बोर्ड चालू असताना जोडीदाराशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, असा नियमच. पंच बघत असतात. तुम्हाला कळतंय की समोरच्या बाईने आत्ता कोपऱ्यातली सोडून मधली पांढरी घ्यायला हवी, नाहीतर पुढच्याच हाताला राणी जाणार. कळतंय, पण बसायचं. हात मांडीवर, नजर बोर्डावर. चाळीत कॅरम खेळत वाढलेल्या माणसाला हे फार जड जातं, कारण तिथे तर खेळणाऱ्या चौघांपेक्षा वाकून सल्ले देणारे आठ जण जास्त बोलतात.

या टेनिसवाल्या मात्र सतत बोलत होत्या. दर गुणानंतर एकमेकींजवळ यायच्या, तोंडापुढे चेंडू धरून कुजबुजायच्या. ओठ वाचले जाऊ नयेत म्हणून चेंडू. आणि प्रत्येक वेळी, अगदी प्रत्येक वेळी, हाताला हात लावायच्या. गुण जिंकला तरी. हरला तरी. एकीने लागोपाठ दोन सर्व्हिस जाळीत घातल्या, डबल फॉल्ट; दुसरी जाळीपासून मागे चालत आली, तिच्या बोटांना बोटं टेकवली आणि परत आपल्या जागी गेली. चेहऱ्यावर काही नाही. लोकलमध्ये चढल्यावर आपण गाडीला हात लावून कपाळाला लावतो, तितक्या सवयीने.

चौघींची नावं तेव्हा फलकावर होती. एकही भारतीय नव्हती, आणि घरी येईपर्यंत मी विसरूनही गेले. पण ती बोटांना लावलेली बोटं विसरले नाही, त्याला कारण आहे. ते नंतर.

आधी शब्दाबद्दल. मराठीत आपण एकेरी आणि दुहेरी म्हणतो, आणि मला हे शब्द त्या खेळांपेक्षा जास्त आवडतात. एकेरी म्हणजे एकटीने खेळायचं. पण एकेरी हाक म्हणजे 'अगं-तूं'ची हाक. एकेरीवर येणं म्हणजे भांडणात आदर सोडणं. बँकेत आम्ही पहिली काही वर्षं एकमेकींना 'अहो' म्हणत होतो, आडनावापुढे 'बाई' लावून. ती माझ्याहून चार वर्षांनी मोठी, कॅश डिपार्टमेंटला, मी क्लिअरिंगला. स्पर्धेसाठी शाखेतून महिला जोडी हवी होती आणि कॅरम येणाऱ्या आम्ही दोघीच निघालो. पहिल्याच सरावात, लंच टाइममध्ये, मी तिची लावून ठेवलेली सोंगटी धक्क्याने उधळून लावली आणि ती ओरडली, "अगं बाई, काय केलंस!" तेव्हापासून 'तू'. दुहेरी खेळता खेळता आम्ही एकेरीवर आलो.

तर कोर्टकडे.

पहिला सेट एका जोडीने घेतला, दुसरा दुसरीने. आता तिसरा असं वाटून मी पाय लांब केले, तर तिसरा नव्हताच. टूरवरच्या दुहेरीत सेट एकेक झाले की पूर्ण तिसरा सेट खेळत नाहीत. 10 गुणांचा टायब्रेक खेळतात, दोनच्या फरकाने जिंकायचा. गेममध्येही 40-40 झालं की ड्यूस-ॲडव्हांटेजची, म्हणजे लागोपाठ दोन गुण मिळेपर्यंतची, ये-जा नाही. एकच गुण, जो घेईल त्याचा गेम. त्या एका गुणाला सर्व्हिस उजव्या बाजूची परतवेल की डाव्या बाजूची, हे परतवणारी जोडी ठरवते. दोघी जवळ आल्या, काहीतरी बोलल्या.

"तू घे, नाही तू घे," पार्टनर म्हणाली. तिने हे बँकेत पुष्कळ पाहिलंय.

ग्रँड स्लॅमच्या महिला दुहेरीत मात्र अजून तिसरा सेट असतो, आणि कधी कधी त्याचं सोनं होतं. 2015 ची विम्बल्डन फायनल मी घरी भाजी निवडत पाहिली होती. सानिया मिर्झा आणि मार्टिना हिंगिस, समोर मकारोवा आणि वेस्निना. तिसऱ्या सेटमध्ये या दोघी 2-5 ने मागे. मी भाजी घेऊन स्वयंपाकघरात गेले. हरताना कशाला बघायचं. परत आले तर 5-5. अंधारून आलं म्हणून वरचं छप्पर ओढून घेतलं होतं. 7-5 ने जिंकल्या. सानियाचा जन्म मुंबईचा, हे आम्ही लगेच एकमेकींना फोन करून सांगितलं. हैदराबादने तिला वाढवलं, खेळवलं, घडवलं, पण आमचं मुंबईकरांचं असंच, जन्मदाखल्यावर हक्क सांगायचा.

मनगटाच्या दुखण्यांनी सानियाने 2013 मध्ये एकेरी सोडली. तेव्हा 'आता दुहेरीच खेळणार' हे सगळीकडे अशा सुरात छापून आलं, की जणू बढती नाकारून कोणी डिस्पॅचला बसलं. दोन वर्षांनी, एप्रिल 2015 मध्ये, ती दुहेरीत जगातली पहिली झाली. हिंगिसबरोबर लागोपाठ 41 सामने जिंकली. मग 2016 च्या ऑगस्टमध्ये ही जोडी फुटली. फुटल्यावर दोनेक आठवड्यांतच सिनसिनाटीच्या फायनलला सानिया एका नव्या जोडीदाराबरोबर आणि हिंगिस दुसऱ्या नव्या जोडीदाराबरोबर, जाळीच्या दोन बाजूंना. सानिया जिंकली. मला या सगळ्या विजयांपेक्षा हा सामना बघायला आवडला असता. जिच्या खुणा तुम्हाला पाठ आहेत ती आता समोर उभी, आणि तिचा हात तिच्याच पाठीमागे, तुम्हाला न दिसणारा. पुढे त्याच वर्षी सिंगापूरला दोघी वर्षअखेरच्या स्पर्धेसाठी पुन्हा एकत्रही खेळल्या. काय बोलल्या असतील पहिल्या सरावाला?

टायब्रेक सुरू झाला, सहा-सहा गुणांनी बाजू बदलायच्या. आणि 7-7 ला ती गोष्ट झाली.

चेंडू दोघींच्या बरोबर मधून आला. फार जोरात नव्हता. दोघीही एकेक पाऊल सरकल्या आणि दोघीही थांबल्या. चेंडू मधून आरामात निघून गेला, मागे टप्पा पडला, आणि दोघी वळून त्याच्याकडे बघत राहिल्या, बस चुकल्यासारख्या.

मधला चेंडू कुणाचा याचा एक ठोकताळा आहे. जिचा फोरहँड, म्हणजे तळहात पुढे ठेवून मारायचा फटका, मधल्या बाजूला येतो तिचा. दोघी उजव्या हाताने खेळणाऱ्या असतील तर डावीकडे उभी असलेलीचा. म्हणून दुहेरीतले जाणते खेळाडू मुद्दाम मधे मारतात. तिथे जागा नसते, पण शंका असते. ठोकताळा त्या दोघींनाही नक्कीच माहीत होता. पोटासाठी रोज तेच करतात. तरी चेंडू गेला.

मी त्या डावीकडच्या बाईचा चेहरा बघत होते. आता बोलेल. निदान तोंड वाकडं करेल. तिने रॅकेटच्या दोऱ्यांकडे पाहिलं, उजवीकडची जवळ आली, आणि दोघींनी हाताला हात लावला. मग, मी शपथेवर सांगते, दोघी फिस्सकन हसल्या. दोन गुणांनंतर हरल्याही. 7-10.

पार्टनर काही बोलली नाही. मीही नाही.

तर ते कारण. दादरच्या एका हॉलमध्ये आमची आंतरशाखा फायनल होती. तिसरा गेम, शेवटचे बोर्ड. पार्टनरने राणी घेतली, सुंदर घेतली, तिरक्या फटक्याने, समोरच्या कडेवरून. राणी घेतली की लगेच पुढच्या फटक्यात आपली एक सोंगटी घालून ती कव्हर करावी लागते, नाहीतर राणी परत मधे येते. सोंगटी भोकाच्या तोंडाशी होती. फुंकर मारली असती तरी गेली असती. तिने स्ट्रायकर मारला, सोंगटी कडेला लागून थरथरली आणि राहिली. मागोमाग स्ट्रायकरच भोकात. राणी परत आली, वर दंडाची सोंगटी बोर्डावर ठेवावी लागली.

हॉलमध्ये टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. आणि त्या शांततेत मी "च्च" केलं.

एवढंच. शब्द नव्हता. पण पंचाने माझ्याकडे पाहिलं, समोरच्या जोडीतल्या एकीने पाहिलं, आणि पार्टनरने पाहिलं नाही. ती बोर्डावरची पावडर तळहाताने सारखी करत राहिली. आम्ही हरलो. त्यानंतरही चार वर्षं खेळलो, दोनदा जिंकलोही. त्या 'च्च'चा विषय कधी निघाला नाही. कसा निघणार? मुद्दाम काढण्याएवढा तो मोठा नव्हता, आणि विसरण्याएवढा लहानही नाही.

त्याच आठवड्याच्या शेवटी दुहेरीची फायनल होती. तिला आम्ही गेलो नाही, पण लक्ष ठेवून होतो, कारण फायनलमध्ये प्रार्थना ठोंबरे होती. बार्शीची मुलगी. 2014 मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत सानियाबरोबर तिने दुहेरीचं कांस्य मिळवलं, 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकला सानियाचीच जोडीदार होती. पहिल्याच फेरीत चिनी जोडीशी तीन सेट झुंजून हरल्या. सानियाची जोडीदार म्हणून छापून येणं हेही एक काम असतं, ते तिने निमूट केलं. पार्टनरचं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं, त्यामुळे मोबाइलवर सकाळीच मेसेज आला: 'बार्शी तिथे सरशी.'

सरशी झाली नाही. प्रार्थना आणि नेदरलँड्सची अरियान हार्टोनो हरल्या. स्लोव्हेनियाची दलिला याकुपोविच आणि अमेरिकेची सब्रिना सांतामारिया जिंकल्या. याकुपोविचचं नाव वाचून मला काहीतरी आठवलं. 2020 च्या जानेवारीत मेलबर्नला, जंगलातल्या वणव्यांच्या धुरात, खोकत खोकत कोर्टवर गुडघ्यांवर बसलेली आणि सामना सोडून द्यावा लागलेली ती हीच. तिने मुंबईच्या हिवाळ्यातल्या हवेत येऊन करंडक न्यावा, यावर काय बोलावं कळत नाही. आम्ही इथे फेब्रुवारीत कॉफ सिरप घेऊनच फिरतो.

आणि एक जोडी सांगायची राहिली. ती दुहेरीची म्हणून नोंदलेली नाही, पण मी तिला दुहेरीतच धरते. विम्बल्डनला एकेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय बाई मुंबईची, लीला राव, साल 1934. तिची आई क्षमाबाई राव, पंडिता. गांधीजींच्या सत्याग्रहावर संस्कृतात काव्य लिहिणारी, आणि स्वतः टेनिस खेळणारी. क्षमाबाईंचे वडील शंकर पांडुरंग पंडित, ज्यांनी तुकोबांच्या गाथेच्या छापील आवृत्तीचं काम पाहिलं. म्हणजे गाथेच्या घरातली नात विम्बल्डनला. पुढे लीलाबाईंनी आईच्या संस्कृत कथांवरून संस्कृतातच नाटकं लिहिली. आईने मागून टाकलेला चेंडू लेकीने पुढे उभं राहून घेतला असं मला दिसतं, आणि त्यात खुणेची गरजही पडली नसेल.

तर त्या दिवशी परत येताना. बोरिवली स्लो, लेडीज डबा, चर्चगेटहून बसायला मिळालं म्हणजे दिवस सार्थकी. मरीन लाइन्स गेलं, चर्नी रोड गेलं. ग्रँट रोडला मी म्हटलं, "दादरच्या फायनलला मी च्च केलं होतं."

"कधी?"

"तू राणी घेतलीस आणि कव्हर राहिलं तेव्हा."

ती खिडकीबाहेर बघत होती. मुंबई सेंट्रल येऊन गेलं. "त्या वर्षी आपल्याला ते स्टीलचे डबे मिळाले ना?" ती म्हणाली. "एकात एक बसणारे. त्यातल्या मधल्याचं झाकण मला आजवर सापडलेलं नाही."

"तुला आठवत नाही?"

"झाकण आठवतंय की."

"च्च."

"हां. हे बघ, हे आत्ता केलंस," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळून पाहिलं. अकरा वर्षं बोर्डापलीकडून बघितलेला तोच चेहरा. त्याच्यावरून हातात काय आहे ते मला तेव्हाही कधी ओळखता आलं नाही. राणी घेताना तोच, घालवताना तोच.

दादरला गर्दी आत आली. हातात कोथिंबिरीची पिशवी घेतलेली एक बाई आमच्यासमोर येऊन उभी राहिली, एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि दोघींच्या बरोबर मधे प्रश्न टाकला, "कुठे उतरणार?"

मी तोंड उघडलं होतं.

"ही अंधेरी, मी बोरिवली," पार्टनर म्हणाली. "हिची जागा तुम्ही घ्या."